तर्जनीखालची रेघ

कीबोर्ड विकणाऱ्या माणसाला टायपिंग येत नाही, यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. आमच्या ताईला मात्र ते बघवत नाही. मी दोन बोटांनी एखाद्या गिऱ्हाइकाचा पत्ता टाइप करायला लागलो की ती तोंड फिरवून बसते. एकदा म्हणाली, तू टाइप करत नाहीस रे, तू ढेकूण चिरडतोस. सतरा वर्षं झाली मला दुकान टाकून. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सुटे भाग. कीबोर्ड उघडणं, धुणं, वाळवणं, वायर बदलणं, सगळं येतं. त्याची नस न् नस माहीत आहे. म्हणजे मला तसं वाटत होतं.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. छप्पन्न पूर्ण, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. तेहतीस वर्षं एकाच कचेरीत टायपिस्ट. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि ताईला नुकतीच ही नोकरी लागली होती. वडील होते, पण होते एवढंच. घर ताईच्या दहा बोटांवर चाललं. कचेरीतून आली की दोन घोट चहा घेऊन पुन्हा टायपिंगच्या मशीनवर बसायची. लोकांचे अर्ज, कुणाचा प्रबंध, कुणाच्या भांडणाची कागदपत्रं, जे येईल ते. मी शेजारी बसून गणितं सोडवायचो. टकटक थांबली की मान वर करून बघायचो, कारण थांबली म्हणजे ती एकतर कागद बदलतेय नाहीतर रडतेय. बहुतेक वेळा कागदच बदलत असायची.

ती शिकली एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. तिथले सर शिकणाऱ्याच्या हातांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचे, मनगटं आत जातील एवढीच भोकं ठेवलेलं. बोटं दिसता कामा नयेत. मजकूर डाव्या हाताला स्टँडवर, डोळे मजकुरावर. कुणी वाकून खोक्यात डोकावलं तर सर रागवायचे नाहीत, नुसता कागद काढून घ्यायचे आणि कोरा हातात द्यायचे. पुन्हा पहिल्या ओळीपासून. ताईने ते असं काही मनावर घेतलं की तेहतीस वर्षांत मशीनकडे बघितलं नाही. पुढे मशीन गेली, कॉम्प्युटर आला, समोर पडदा आला. ती पडद्याकडेही बघायची नाही. पान संपलं की एकदाच नजर वर करायची, आणि पान बरोबर असायचं.

आणखी एक खोड. तिच्यासमोर कुणी बोलत असलं की तिची बोटं मांडीवर चालू. बातम्या लागलेल्या असोत, शेजारीण भांडत असो, ही ते सगळं मांडीवर टाइप करत असते. तिला स्वतःला पत्ता नसतो. आमची ही मला नेहमी बजावते, ताईंसमोर जपून बोला, सगळं टाइप होतंय.

तर झालं असं. गेल्या वर्षी कचेरीत नवे कॉम्प्युटर आले. एका शनिवारी जुने सगळे उचलून नेले आणि त्यांच्यासोबत ताईचा कीबोर्डही गेला. वीस वर्षं वापरलेला, मधल्या ओळीवरची अक्षरं पार पुसून गेलेला. ताईला कळलं सोमवारी. नव्या कॉम्प्युटरबरोबर आलेला कीबोर्ड पापडासारखा पातळ, आणि त्याच्यावर अक्षरांची मांडणी नवी. ताई शिकली ती मांडणी जुनी, मशीनच्या काळातली. आता यात एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. बटणावर काय छापलंय त्याने कॉम्प्युटरला काडीचा फरक पडत नाही. आत एक सेटिंग असतं. ते जुन्या मांडणीवर ठेवलं की बोट जुन्या जागी पडायचा अवकाश, जुनंच अक्षर उमटणार. छापलेलं अक्षर हे फक्त बघून टाइप करणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्यांसाठी.

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. टायपिंगच्या खोलीतल्या सगळ्यांची महिन्याभराने परीक्षा. दहा मिनिटं, एक मजकूर, वेग आणि चुका दोन्ही मोजणार. पास झाले ते खोलीत राहणार, नापास झाले ते तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. मांडणी जुनी निवडा नाहीतर नवी, तुमची मर्जी. कीबोर्ड स्वतःचा आणला तरी चालेल, फक्त त्याची जबाबदारी माझी असं लिहून सही करायची. परीक्षा एकदाच, पुन्हा संधी नाही.

तळघरातल्या त्या खोलीत काय वाईट आहे असं मी तिला विचारलं होतं. दोनच वर्षं तर काढायची आहेत, बसून राहा, बोटांना आराम दे. ताईने माझ्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाली की तिथे गेलेल्या माणसाला लोक नावाने नाही, खोलीच्या नंबराने ओळखतात. आणि दुसरं असं म्हणाली की मला दुसरं येतं काय.

मग सुरू झाली आमची कीबोर्ड निवडायची मोहीम. रोज संध्याकाळी सहा वाजता ताई दुकानात हजर. पर्स काउंटरवर, चप्पल स्टुलाखाली, आणि दाखव. मी दिवसभर लोकांची डोकी खाऊन, स्वतःचं खाऊ घालून थकलेलो. त्यात ही. पहिल्या दिवशी चार खोकी उघडली, चारही परत. एकाचं एंटरचं बटण आडवं आणि चिंचोळं; ताईची करंगळी सवयीने वरच्या बाजूला जाणार आणि तिथे भलतंच बटण. एकाच्या डाव्या शिफ्टचे दोन तुकडे केलेले, मध्ये एक जादा बटण घुसवलेलं. एकाचे बाण उजव्या शिफ्टच्या पोटात. चौथा तसा बरा होता, पण दाबला की आवाज येईना. मी म्हटलं, अगं लोक बिनआवाजाचे मागतात, शोधून शोधून घेतात. तर म्हणे, मला कसं कळणार उमटलं की नाही ते? पडद्याकडे बघ, मी म्हणालो. ती उठून घरी गेली.

असे अकरा दिवस. नाकी नऊ आणले तिने. रंगीत दिवे लागणारा एक दाखवला तर म्हणाली, हा सजवून ठेवायचाय की वापरायचाय? दोन तुकड्यांचा, मनगटांना सोयीचा म्हणून एक मागवला, त्याला बघून तिला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. तेवढीच एक गंमत झाली त्या अकरा दिवसांत. बाकी मी वैतागलेलो आणि ती हट्टाला पेटलेली. गिऱ्हाइकं उभी राहून बघायची. एक म्हातारे गृहस्थ तर उंदीर घ्यायला आले होते, म्हणजे माउस, ते अर्धा तास उभे राहून तिची बोटं बघत बसले आणि माउस न घेताच गेले.

आता मी जे सांगतो ते मला फार महागात पडलंय, म्हणून नीट सांगतो. प्रत्येक कीबोर्ड समोर ठेवला की ताई सगळ्यात आधी एकच गोष्ट करायची. डोळे मिटून दोन्ही तर्जन्या मधल्या ओळीवर फिरवायची. त्या ओळीत दोन बटणांवर बारीक उठावाची रेघ असते, नखाएवढी, एक डाव्या तर्जनीसाठी, एक उजव्या. ती रेघ सापडली की बाकीची आठ बोटं आपोआप आपापल्या घरी बसतात. न बघता टाइप करणाऱ्याला तेवढाच काय तो आधार. ज्या कीबोर्डवर ती रेघ पुसट असेल तो ताई पुढे बघायचीच नाही. हे मी रोज बघत होतो. अकरा दिवस, डोळ्यांनी.

बाराव्या दिवशी माझ्या घाऊक विक्रेत्याने गोदामातून एक जुना माल काढून पाठवला. जड, वायरचा, करड्या रंगाचा, एंटर दुमजली, शिफ्ट लांबलचक, आणि दाबलं की कट्ट असा आवाज. ताईने रेघा चाचपल्या. हात ठेवले. मी मासिकातलं एक पान समोर धरलं आणि तिने ते पान टाइप केलं. दुकानात दुसरा आवाज नव्हता. पान संपल्यावर तिने वर बघितलं आणि म्हणाली, हा. एवढंच. मला इतकं हायसं वाटलं की मी दोन चहा मागवले.

चहा पिता पिता ती बोलून गेली की सगळं छान आहे, अक्षरं तेवढी नव्या मांडणीची आहेत. मी म्हटलं, तू बघतेस कुठे? तर म्हणाली, बघत नाही रे, पण मजकूर डाव्या बाजूला असतो ना, डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतात. हात एक म्हणतोय आणि तिथे दुसरंच लिहिलेलं. खुपतं. मग लगेच म्हणाली, जाऊ दे, चालवून घेईन.

ती जाऊ दे म्हणाली. मी जाऊ दिलं नाही. इथेच माशी शिंकली.

आठ दिवस तिने घरी त्या कीबोर्डवर सराव केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तो घेऊन आली, कारण वायर सॉकेटपाशी ढिली झाली होती. सकाळी नेते म्हणाली आणि कचेरीत परत गेली. वायरचं काम दहा मिनिटांचं. ते झालं आणि मी तो कीबोर्ड समोर ठेवून बसलो. दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं. माझ्या मनात आलं, या बाईने मला शिकवलं, दुकान टाकताना पाठीशी उभी राहिली, आणि मी तिच्यासाठी आजवर काय केलं? दोन-चार वेळा टीव्ही दुरुस्त केला. हा कीबोर्ड असा होता की सगळ्या ओळींची बटणं एका उंचीची, कुठलंही उचलून कुठेही बसतं. मी ठरवलं की सगळी अक्षरं जुन्या मांडणीत लावून द्यायची. सकाळी उघडून बघेल तेव्हा तिचाच जुना कीबोर्ड समोर.

तिच्या टायपिंगच्या वर्गाचा तक्ता माझ्याकडे होता, जुन्या कागदांत. तो भिंतीला लावला. चिमट्याने एकेक बटण उपटलं, ब्रशने साफ केलं, तक्त्यात बघून बसवलं. तीन तास गेले. मान आखडली. दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून घालवलं. शेवटचं बटण बसवलं तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. खरं सांगतो, इतकं मन लावून मी कुठलं काम केलं असेल असं मला आठवत नाही.

सकाळी ताई घाईत आली. मी कीबोर्ड फडक्यात गुंडाळून ठेवला होता, तो तिच्यापुढे उघडला. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "हे तू केलंस?" तिचे डोळे भरून आले होते. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पंचेचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे अर्धे केस गेलेला, आणि तिने मी शाळेत जाताना ठेवायची तसा हात ठेवला. बसून एक ओळ टाइप करून बघ म्हणायचं मला सुचलं नाही, आणि तिला वेळ नव्हता. कीबोर्ड काखेत मारून ती गेली.

संध्याकाळी सहाला ती आली तेव्हा मी चहा सांगूनच ठेवला होता. तिने कीबोर्ड काउंटरवर ठेवला, फडक्यासकट. स्टुलावर बसली नाही.

"ठेव हा. कुणाला हवा असेल तर विकून टाक."

काय झालं म्हणून विचारलं. मग उभ्या उभ्याच सांगितलं. घंटा झाली, तिने रेघा चाचपल्या, हात ठेवले, मजकुराकडे बघितलं आणि सुरू केलं. दहा मिनिटं थांबली नाही. वेग छान लागला होता, तिला आतून कळत होतं. शेजारची नवी मुलगी सारखी मान वर-खाली करत होती, पडदा बघ, बोटं बघ, मजकूर बघ, आणि ताईला तिची कीव येत होती. दुसरी घंटा झाल्यावर ताईने नजर वर केली. पडदाभर अक्षरं होती आणि एक शब्द धड नव्हता. निम्मी अक्षरं बरोबर, निम्मी भलतीच. परीक्षक साहेबांनी कागद छापून हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, बाई, तब्येत बरी नाही का? ती नापास झाली. शेजारची मुलगी पास झाली.

मी म्हटलं सेटिंग चुकलं असेल. ती म्हणाली, सेटिंग मी स्वतः दोनदा बघितलं. "बोटं गेली माझी. डावा हात तर कुठच्या कुठे गेला. वय झालं, दुसरं काय."

त्यानंतरचे दिवस मला नको वाटतात आठवायला. ताईने स्वतःच्या हाताने टेबल आवरलं आणि तळघरात गेली. शेजारचे अर्ज घेऊन आले की नाही म्हणायला लागली, आता जमत नाही, चुका होतात. डॉक्टरकडे जाऊन हाताची तपासणी करून आली. त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं तर तिला वाटलं ते लपवताहेत. रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. टीव्ही चालू होता, बातम्या लागल्या होत्या. परतताना आमची ही रस्त्यात थांबली आणि म्हणाली, तुमच्या लक्षात आलं का? ताईंचे हात मांडीवर नुसते पडून होते. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आठ दिवसांनी एक बाई कीबोर्ड मागायला आली, जड आणि आवाजाचा. मी ताईचा काढला. नव्या मांडणीचाच हवा म्हणाली, म्हणून बटणं परत लावून देतो म्हटलं आणि चिमटा घेतला. मधल्या ओळीवर अंगठा फिरला आणि रेघ लागली. मग पुन्हा फिरवला. उजवीकडची रेघ जागेवर होती. डावीकडची नव्हती. ती एक घर उजवीकडे होती.

मी खुर्चीत बसलो. बाई विचारत होती किती वेळ लागेल, आणि मी अंगठा पुन्हा त्याच दोन बटणांवर फिरवत होतो. रेघ बटणावर असते. आणि मी बटणं हलवली होती. डावीकडच्या रेघेच्या बटणावर जे अक्षर छापलेलं, ते जुन्या मांडणीत एक घर पुढे. मी ते उचलून पुढे बसवलं, रेघेसकट. उजवीकडचं अक्षर दोन्ही मांडण्यांत एकाच जागी, म्हणून ते हललं नाही. ताईने डोळे मिटून रेघ शोधली, रेघेने तिला फसवलं, आणि डावा हात अख्खा एक घर सरकून बसला. बघून टाइप करणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळलं असतं. वर पडद्याकडे एकदा नजर टाकली असती तरी कळलं असतं. पण ताई बघत नाही. ती दहा मिनिटं बोटांवर विश्वास ठेवून बसली, आणि तिची बोटं जिथे ठेवली तिथून एकदाही चुकली नव्हती.

बाईला मी हा विकायचा नाही म्हणून सांगितलं. दुकान बंद केलं आणि निघालो. वाटेत दोनदा मनात आलं की सांगायलाच कशाला हवं. निकाल काही बदलणार नव्हता. लिहून दिलेली सही होती. ताई वय झालं म्हणून दोन वर्षं तळघरात काढेल, निवृत्त होईल, आणि डोक्यावर ठेवलेला तो हात माझ्या नावावर राहील. लाज वाटते सांगायला, पण मी तिच्या इमारतीच्या जिन्यात चांगली दहा मिनिटं उभा होतो.

ती तांदूळ निवडत बसली होती. मी कीबोर्ड तिच्यापुढे ठेवला, तिची डावी तर्जनी धरून रेघेवर नेली आणि म्हटलं, "ताई, ही रेघ एक घर सरकलीय. मी सरकवली. बटणं लावताना. तुझी बोटं बरोबर होती."

तिला लगेच उमगलं नाही. तिने स्वतःच मधली ओळ कडेपासून मोजली. एकेक बटण, अंगठ्याने. मग पुन्हा मोजली. मला म्हणाली, नीट लाव. मी खिशातला चिमटा काढला, रेघेचं बटण आणि त्याच्या डावीकडचं बटण यांची अदलाबदल केली. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडून ती बसली, वर्तमानपत्र डाव्या हाताला उभं केलं आणि पहिल्या पानावरची बातमी टाइप केली. कट्ट कट्ट आवाज येत राहिला. मी तांदळाचं ताट मांडीवर घेऊन बसलो होतो. ती थांबली, नजर वर केली, आणि बराच वेळ ते पान वाचत राहिली. मला वाटलं आता हसेल.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मी सकाळी उठून माझे हात बघत होते. मला वाटत होतं मी संपले."

मी माफी मागायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. जा आता, म्हणाली. मी ताट खाली ठेवलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मी तिला न सांगता तिच्या साहेबांना जाऊन भेटलो. कीबोर्ड सोबत नेला, तक्ता नेला, सगळं दाखवलं. माणूस चांगला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रेघांवर स्वतः बोट फिरवून बघितलं, आणि मग फाइल उघडून ताईची सही दाखवली. कीबोर्डची जबाबदारी माझी. तुमचं म्हणणं खरं असेल, म्हणाले, पण एकीसाठी परीक्षा पुन्हा घेतली तर नापास झालेले बाकीचे नऊ जण उद्या माझ्या दारात उभे राहतील. खाली उतरताना तळघराचं दार दिसलं. आत ताई पाठमोरी, शिडीवर चढून गठ्ठे लावत होती.

त्यानंतर तीन आठवडे ती दुकानात आली नाही. फोन केला तर आमच्या हिच्याशी बोलायची, माझी चौकशी नाही. मी सहा वाजले की रस्त्याकडे बघायचो. कंटाळा आला होता मला सगळ्याचा. कुणी कीबोर्ड मागितला की समोर ठेवायचो, हवा तर घ्या नाहीतर ठेवा. गिऱ्हाइकाने कुठला चांगला असं विचारलं तर मला राग यायचा. मी काय सांगणार?

मग एका गुरुवारी ती आली. पर्स काउंटरवर, चप्पल स्टुलाखाली. बाहीला तळघरातली धूळ होती. चहा सांग म्हणाली. मी सांगितला. आणि मग मला राहवेना, मी बोलत सुटलो. साहेबांकडे गेलो होतो ते सांगितलं, तू शिडीवर होतीस ते बघितलं म्हणालो. अकरा दिवस तुला रेघा चाचपताना बघत होतो आणि तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही, मी मूर्ख आहे, म्हणालो. तुझी खुर्ची मी घालवली. तू रागव, शिव्या घाल, पण गप्प बसू नकोस. काय काय बोललो कोण जाणे. ती रस्त्याकडे बघत होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

बोलून दमलो तेव्हा माझी नजर खाली गेली. काउंटरच्या काचेवर तिची दहाही बोटं चालली होती. हळूहळू नाही, चांगली भरभर. आवाज नव्हता, फक्त काच मधूनमधून वाजत होती. मी थांबलो तरी ती थांबली नाहीत.

"काय टाइप करतेस?" मी विचारलं.

"तुला शिव्या," ताई म्हणाली.

ओळ पूर्ण होईपर्यंत तिने हात उचलले नाहीत. मग चहा पुढे ओढला.

"पान भरलं. चूक एक नाही."